जात्याचा आवाज परत येईपर्यंत

कुमुदअक्कांची आणि माझी ओळख झाली तेव्हा मी शिडीवर होतो. धुळ्यातल्या एका जुन्या कापूस-व्यापाऱ्याचं घर आता संग्रहालय म्हणून जपलं जातं. तिथल्या दिवाणखान्यातला पंखा कुरकुरत होता, म्हणून मोटार वायंडिंगवाला या नात्यानं मला बोलावलं होतं. मोटारीचा बिघाड मी ती उघडण्याआधी कानानं ओळखतो; माझं दुकान त्यावरच उभं राहिलं. रविवार होता. खाली आठ-दहा कुटुंबं बसलेली. कुणी कापसातली सरकी काढत होतं, कुणी बोरूनं स्वतःचं नाव लिहीत होतं. कोपऱ्यात जातं फिरत होतं, आणि माझा कान पंखा सोडून तिकडे वळला.

"भाऊ, पंखा वर शे. तू खाले काय देखी राह्यना?" अक्कांनी विचारलं.

मी बघत नव्हतो, ऐकत होतो. साक्रीकडच्या आमच्या गावात आईचं जातं असंच चालायचं. प्रत्येक फेऱ्यात एका जागी किंचित अडखळायचं, घास गिळल्यासारखं, आणि पुढे जायचं. आई गेल्यावर तिचा फोटो राहिला, एक लुगडं राहिलं. आवाज कशात ठेवणार? तो त्या दिवशी अवचित सापडला. तेव्हापासून माझा रविवार सहसा चुकला नाही.

अक्का निवृत्त चित्रकला शिक्षिका. संग्रहालयाचं काम हाती घेतलं त्याच आठवड्यात त्यांनी 'हात लावू नये'च्या पाट्या उतरवल्या. विश्वस्त नाराज झाले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "जिथं काही वापरायचंच नाही त्याला घर म्हणू नका, गोडाऊन म्हणा."

जात्याचा त्यांचा एक नियम आहे: खुंट्याला एकाच घरातली दोन माणसं, समोरासमोर. एकदा जळगावहून आलेले एक साहेब असा जोर लावत होते की पत्नीचा हात सारखा खेचला जाई.

"साहेब, फाइल नाही ढकलायची. बाईंचा हात येईपर्यंत थांबा," अक्का म्हणाल्या.

"वीस वर्षं मी हेच सांगतेय," बाई म्हणाल्या. सगळे हसले. पण साहेब थांबायला शिकले, आणि जाताना कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची पुडी त्यांनी स्वतः सांभाळून नेली.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो. अक्का मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी भुसावळला लेकीकडे गेल्या होत्या. जातं जड चालतं, मुलं दमतात, तर अक्का येईपर्यंत ते ठीक करून ठेवू, असं माझ्या मनात आलं. पाथरवट आणून जात्याच्या दोन्ही दगडांना टाकी लावून ते पुन्हा खरखरीत करून घेतले, खुंटा नवा बसवला. जातं हलकं झालं. मी पहिला फेरा ओढला आणि हात तिथंच थांबला. अडखळणं गेलं होतं. कानाला ती अडखळ हवी होती, पण आयुष्यभर मोटारी दुरुस्त करणाऱ्या हातांना अडखळ म्हणजे बिघाडच वाटणार.

अक्का काळा चष्मा लावून परतल्या. आल्या आल्या जात्याशी बसल्या. त्यांनी दोन फेरे ओढले, मान कलती करून ऐकलं.

"पाथरवट चांगला शे," त्या म्हणाल्या. मग खुंटा सोडून, "तुझी आई होती ना रे यात?"

मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

"दर फेऱ्याला त्या जागेवर तुझे डोळे मिटायचे. मी बघत होते." त्यांनी ज्वारीची मूठ घातली. "पहिल्या पिठात दगडाची कच येते, ते टाकून द्यायचं. मग दळत राहायचं. दगड झिजेल तसा बोलू लागेल."

"आणि मला नुसता भास झाला तर?"

"मी आहे ना सांगायला. तुझ्याइतका तो मीच ऐकलाय."

तेव्हापासून दर रविवारी, मंडळी घरोघरी गेल्यावर, खुंट्याला एका बाजूला अक्का आणि दुसऱ्या बाजूला मी बसतो. एकाच घरातली दोन माणसं हवीत, हा नियम त्यांना ठाऊक आहे. तरी त्या बसतात. काही वेळानं मी विचारतो, "अक्का, आला का?" त्या कान देऊन ऐकतात आणि म्हणतात, "अजून नाही."

अक्कांच्या पंचाहत्तरीनिमित्त त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभावं, ही आपणा सर्वांची इच्छा आहे. माझ्या इच्छेत स्वार्थही आहे, तो लपवत नाही. दगड फार सावकाश झिजतो. अक्कांचं वय त्याहूनही सावकाश वाढो.