शुक्रवारचा सामना

दिवाळीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी, कळव्यात, माझ्या भाऊजींचा गेम कन्सोल ऑनलाइन सेवेतून कायमचा बाद झाला. टीव्हीवर कंपनीची सूचना आली: या यंत्राला यापुढे नेटवर्क वापरता येणार नाही. मी तेव्हा ताईकडे फराळाला गेलेलो.

भाऊजींना कॉलेजच्या दिवसांतले गेम पुन्हा खेळायचे होते. ते आता विकत मिळत नाहीत. म्हणून ठाण्यातल्या एका दुरुस्तीवाल्याकडून त्यांनी यंत्रात कस्टम फर्मवेअर टाकून घेतलं, म्हणजे कंपनीची मूळ प्रणाली बाजूला सारून बाहेरच्या लोकांनी लिहिलेली प्रणाली. जुने गेम सुरू झाले. मधूनच यंत्र गोठायचं, ते बंद करून पुन्हा लावावं लागायचं. कंपनीचं अपडेट घ्यायची सोय उरली नव्हती.

आम्ही त्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"काका, सांगितलेलं ना, नेट लावू नका, कंपनीला कळतं म्हणून?"

"नेट कुठे लावलं? फक्त दादाशी खेळलो."

"अहो, तो मस्कतला बसलाय ना? मग नेटवरूनच खेळणार की!"

मूळ प्रणाली परत टाकता येईल, बंदी उठणार नाही, असं त्याने सांगितलं. कंपनीच्या सेवा केंद्रात नेलं, तर बाहेरची प्रणाली आहे म्हटल्यावर त्यांनी यंत्र उघडूनही पाहिलं नाही.

भाऊजी आणि त्यांचे मोठे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. आई गेल्यावर घरचा गणपती गावीच बसवायचा की कळव्याला आणायचा, यावरून त्यांचं बिनसलं होतं. मस्कतला शुक्रवारी सुट्टी असते. त्या दिवशी दोघे फुटबॉलचा एक सामना खेळायचे, माइक बंद ठेवून. दोघांमध्ये तेवढंच उरलं होतं.

"दादाला वाटेल, मीच बंद केलं," भाऊजी म्हणाले.

"मग फोन करा ना सरळ," ताई म्हणाली.

"आणि बोलू काय?"

"जे खेळताना बोलत नाही ते!"

भाऊजींनी फोन केला नाही. पुढचा शुक्रवार तसाच गेला. त्यानंतरच्या शुक्रवारी मी पुन्हा कळव्यात होतो. संध्याकाळी ताईचा मोबाइल वाजला. मस्कतहून दीर होते. तिने स्पीकर लावला.

"अगं, तो बरा आहे ना?"

"बरे आहेत, दादा. मशीन बिघडवून ठेवलंय."

"मला वाटलं, रागावला. हरला होता ना मागच्या वेळी."

"हरलो नव्हतो," भाऊजी सोफ्यावरून म्हणाले. "बरोबरी झालेली."



"पेनल्टी विसरलास काय रे?"

ताईने फोन त्यांच्यासमोर धरला. भाऊजींनी तो घेतला, स्पीकर बंद केला आणि गॅलरीत जाऊन दार ओढून घेतलं. पुढचं बोलणं आम्हाला ऐकू आलं नाही. जेवण करून मी डोंबिवलीला निघालो, तेव्हा फोन चालूच होता.