पेन्सिल सेल आणि आईचा फोटो

बाबा निवृत्त झाले तेव्हा दादानं त्यांना डिजिटल कॅमेरा घेऊन दिला. पेन्सिल सेलवर चालणारा. घरात घड्याळासाठी आणून ठेवलेले सेल बाबांनी त्यातच घातले आणि आई, बाबा आणि मी माझ्या लग्नाची पैठणी घ्यायला येवल्याला गेलो.

विणकर मोठे अगत्यशील. आई हातमागाकडे एकटक बघत होती, तसं ते म्हणाले, "बसा ना ताई, हा आडव्या धाग्याचा धोटा टाकून बघा." आई लाजत बसली. बाबांनी कॅमेरा रोखला, भिंग बाहेर आलं आणि लगेच आत गेलं. पडदा काळा. स्टँडजवळच्या टपरीवरून मी धावत नवे सेल आणले, तेही क्षणात मान टाकून मोकळे. तोवर आई उठली होती. परतीच्या एसटीत बाबा नाशिक येईपर्यंत कॅमेऱ्यातले सेल काढत-घालत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते मेन रोडवरच्या दुकानात गेले. दुकानदारानं समजावलं की घड्याळाला चिमूटभर वीज पुरते, कॅमेरा एकदम घोट घेतो. पुन्हा चार्ज होणारे सेल घ्या, महाग वाटले तरी वर्षानुवर्षं जातात, आणि चार्जर मात्र आपोआप बंद होणारा बघा. बाबांनी सेल चांगले घेतले, चार्जर फूटपाथवरचा.

एका दुपारी प्लास्टिक जळल्याचा वास आला. चार्जर हात लावू देत नव्हता. आईनं बटण बंद केलं, कोरड्या फडक्यानं पिन ओढली. एक सेल फुगून गळला होता, टेबलक्लॉथ करपला होता. बाबांच्या काटकसरीवर आई कधी बोलायची नाही. त्या दिवशी एवढंच म्हणाली, "काटकसर तुमच्या कपड्यांत करा. विजेच्या वस्तूत नको."

संध्याकाळी बाबा चांगला चार्जर आणि सेलची नवी जोडी घेऊन आले.

माझं लग्न झालं आणि त्यानंतरच्या थंडीत आईचा फोन आला. तिचा आवाज जरा वेगळाच वाटला. म्हणाली, बाबा तिला पुन्हा येवल्याला घेऊन गेले होते. काही घ्यायचं नव्हतं. विणकरांना त्यांनी स्वतःच विचारलं, हिला जरा मागावर बसू द्याल का?

ते फोटो मी माहेरी गेल्यावर पाहिले. मागावर बसलेली आई, धोटा हातात धरून हसणारी. पण बाबा तेवढ्यावर थांबले नव्हते. उसाचा रस पिणारी आई, एसटीच्या खिडकीशी डुलकी लागलेली आई, घराचं कुलूप उघडणारी पाठमोरी आई. इतके फोटो, आणि एकातही बाबा नाहीत.

मी आईला म्हटलं, "बाबांना दुसरं काही दिसलंच नाही वाटतं."

"सेल संपेचनात, मग काय करतील," असं म्हणून ती चहा टाकायला आत गेली.