निळ्या फुग्याचे तुकडे

ही गोष्ट मी घरीसुद्धा कधी बोललो नाही. ऐंशीच्या दशकात मी पालघरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. सातपाटीची एक कोळीण बाजारात पापलेट विकायला बसायची. जाळ्यात काही वेगळं आलं, की मासे संपल्यावर ते डब्यातून लॅबमध्ये आणून द्यायची. बदल्यात एकच मागायची.

"मास्तर, त्या नळीतनं एकदा मला बगू दे की."

नळी म्हणजे सूक्ष्मदर्शक. मी म्हणायचो, "पुढच्या खेपेला, मावशी." आणि ती गेली की कपाटातल्या बरण्या तपासायचो. का, ते विचारू नका. तेव्हा मला सगळ्यांचाच संशय यायचा.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या नुकत्याच सुटल्या होत्या. तिने समुद्राच्या पाण्यात एक निळा फुगा आणला, खाली हातभर लांब तंतू. "शेपटाला हात नको लावू. मेलेला बी डसतो," म्हणाली.

दिसायला जेलीफिश, पण वर्ग वेगळा, हायड्रोझोआ. आणि हा एक प्राणी नव्हेच, वसाहत. एक जीव फुगा होऊन तरंगतो, काही नुसते डंख मारतात, काही नुसते खातात, काही नुसती पिलावळ वाढवतात. पोटं जोडलेली, कामं वाटलेली. हे मी फळ्यावर रंगीत खडूंनी शिकवत होतो, म्हणजे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाचे लोक लॅब बघायला येणार होते. मी घाईघाईत फुगा बरणीत टाकला आणि वरून फॉर्मॅलिन ओतलं.

सकाळी फुगा एकटाच वर. तळाशी तंतू, निळे घोस, सगळं सुटं. विभागप्रमुखांनी विचारलं, "हे काय?"

मी म्हणालो, "त्या बाईने चार प्राण्यांचे तुकडे एकत्र करून दिले असावेत."

'असावेत' या शब्दाला मी पुढे फार वर्षं धरून बसलो.

शिपायाने ते ऐकलं. संध्याकाळपर्यंत बाजारात पोचलं. मी पिशवी घेऊन उभा होतो, तेव्हा शेजारची कोळीण तिला विचारत होती, "काय गो, आज पापलेटला शेपूट कुनाचं शिवलंस?" बायका हसल्या. गिऱ्हाईक तिचा मासा उलटून बघू लागलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडून बोंबील घेतले.

त्याच आठवड्यात जुन्या हस्तपुस्तिकेत वाचलं. अशा वसाहतीला आधी मेंथॉलने गुंगी द्यायची, मग फॉर्मॅलिन थेंबाथेंबाने. नाहीतर ती आखडते आणि तुटते. मी पुस्तिका मिटून ठेवली. मावशी लॅबमध्ये परत आली नाही.

नव्वदनंतर कधीतरी सातपाटीला गेलो. ती अंगणात सुके बोंबील निवडत होती. सगळं सांगितलं. तिने हात थांबवला नाही.

"मला ठावं हुतं. माजा फुगा अख्खा हुता. पन हितं मला काय सांगतंस? बाजारात जाऊन सांग."

गेलो. तिच्या जागी तिची सून बसली होती. आजूबाजूला त्याच बायका, म्हाताऱ्या झालेल्या. "पापलेट बगा, सर, ताजं हाय," सून म्हणाली. मी तोंड उघडलं. तेवढ्यात लक्षात आलं, की मासा माझ्या हातात आहे आणि मी तो उलटून शेपटीपाशी बोट फिरवतोय.

सून बघत होती. मी मासा पिशवीत टाकला, पैसे दिले आणि घरी आलो.