खुर्ची पुढे गेली

मोठ्या बहिणीचं ऑपरेशन झालं तेव्हा मी घरात सांगून टाकलं, की मी तिच्याकडे आठ दिवस राहायला जाणार, आणि बसनं जाणार.

नवरा घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. "गाडी करू ना," तो म्हणाला. "रविवारी मला सुट्टी आहे. सकाळी नेतो, संध्याकाळी आणतो."

मला नेमकं तेच नको होतं. पाच वर्षांपूर्वी गतिरोधकावर माझी स्कूटी उडाली आणि कमरेखालचं शरीर कामातून गेलं. तेव्हापासून सगळे मला बघायला येतात. मी कुणाकडे जात नाही. बहीण तर त्या पहिल्या वर्षी कळवणकडचं घर, शेत सोडून तीन तीन आठवडे नाशिकला येऊन राहायची. मला आंघोळ घालायची, वेणी घालायची. आता ती अंथरुणावर होती, आणि मी संध्याकाळी परत यायचं?

"मला राहायचंय," मी म्हटलं. "तुम्ही बसमध्ये बसवून द्या. तिकडं दाजी उतरवून घेतील."

माझ्या प्रवासाची तयारी आदल्या संध्याकाळी पाणी बंद करण्यापासून सुरू होते. स्टँडवरच्या स्वच्छतागृहाला दोन पायऱ्या आहेत, आणि त्या चढलं तरी दारातून खुर्ची जात नाही. तेव्हा संध्याकाळी सहाला शेवटचा चहा घेतला आणि बाटली कपाटात ठेवून दिली.

सकाळी रिक्षानं स्टँडवर पोचलो. फलाटावर चढायला उतार केलेला आहे, चांगला गुळगुळीत. पण मोटारसायकली वर येऊ नयेत म्हणून त्याच्या तोंडाशी मधोमध लोखंडी पाइप रोवलाय. मोटारसायकली बाजूनं तिरक्या होऊन निघून जातात. माझी खुर्ची अडते. नवऱ्यानं मला मागच्या बाजूनं, जिथून बस आत येतात तिथून ढकलत नेलं. बस मागून हॉर्न देत होत्या आणि तो न बघता हात वर करत होता.

पहिल्या गाडीच्या कंडक्टरनं आम्हाला लांबूनच पाहिलं. "ताई, पुढच्या गाडीनं या. तिला गर्दी नसते." पुढच्या गाडीलाही गर्दी होती. तिच्या दारात मी नवऱ्याला काही सांगणार, तेवढ्यात एका गृहस्थानं मागून येऊन माझ्या काखेत हात घातले आणि मला उचललंच. माझा कुर्ता पोटापर्यंत वर सरकला. पाय पायरीवर आपटले असणार. मला कळत नाही, आवाज तेवढा ऐकला. ड्रायव्हरनं गाडी चालू केली तसं त्यांनी घाबरून मला पुन्हा खुर्चीत टाकलं. "मदतच करत होतो," ते म्हणाले, आणि त्याच गाडीत चढून गेले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. मी कुर्ता खाली ओढला आणि बराच वेळ मान वर केली नाही.

"घरी जायचं का?" नवऱ्यानं विचारलं.

"नाही."

तिसऱ्या गाडीला बाई कंडक्टर होती. तिशीची असेल, खाकी शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. ती खाली उतरली, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, कसं धरायचं ते मला सांगा. मी कधी धरलेलं नाही."

पाच वर्षांत हे मला परक्या माणसानं पहिल्यांदा विचारलं होतं. मी सांगितलं, "माझे मिस्टर मागून काखेत धरतील. तुम्ही गुडघ्याखाली हात घाला. ओढू नका, नुसतं वजन घ्या."

"ओढायचं नाही, वजन घ्यायचं," ती स्वतःशी म्हणाली. पायऱ्या तीनच, पण पहिलीच गुडघ्याएवढ्या उंचीवर. तिसरीवर तिला दम लागला, तरी हात सुटला नाही. दिव्यांगांसाठी राखीव असलेल्या सीटवर दोन पोती घेऊन एक काका बसले होते. तिनं त्यांना उठवलं, पोती सरकवली, मला खिडकीशी बसवलं. खुर्ची घडी करून नवऱ्यानं मागच्या डिकीत ठेवली. त्याला कामावर जायचं होतं, तो थेट कंपनीत गेला.

दिंडोरी मागे पडलं, द्राक्षांचे मांडव आले, मग वणी. खिडकीतून वारा तोंडावर येत होता. गाडीतल्या कुणालाही माझ्याकडे बघायचं कारण नव्हतं, आणि ते मला फार आवडत होतं.

कळवणच्या अलीकडे आमचा फाटा आला. दाजी अजून पोचले नव्हते. कंडक्टर बाईनं आणि त्या पोतीवाल्या काकांनी मला उतरवून शेडमधल्या सिमेंटच्या बाकावर बसवलं. "जमलं का नीट?" तिनं विचारलं. "छान जमलं," मी म्हटलं. ती हसली, पळत वर चढली, घंटी वाजली, गाडी निघाली. गाडी वळणावर पोचली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की खुर्ची डिकीतच आहे.

मी ओरडले. दोन्ही हात हलवले. गाडी दिसेनाशी झाली.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई कोथिंबिरीच्या जुड्यांचं गाठोडं घेऊन नाशिकच्या टेंपोची वाट बघत होती. ती म्हणाली, "काय राहिलं बाई गाडीत?"

"खुर्ची."

"खुर्ची? लग्नाबिग्नाची हाय का?"

"चाकाची. मला चालता येत नाही."

तिनं माझ्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "मला वाटलं, बसलीय बाई आपली गाडीची वाट बघत," ती म्हणाली आणि सरकून माझ्याजवळ आली.

मी दाजींना फोन लावला. जीप पंक्चर झाली होती, तासभर लागणार होता. खुर्चीचं ऐकून ते म्हणाले, "तू हलू नको तिथून." मग स्वतःच्याच बोलण्यानं ओशाळले. मला हसू आलं आणि हसता हसता रडूही आलं. हात टेकून मी थोडी सरकू शकत होते, एवढंच. बाकावरून तोल गेला असता तर पडल्या जागी पडून राहावं लागलं असतं. त्या बाईला ते न सांगता कळलं असावं. तिनं गाठोडं उचलून माझ्या एका बाजूला टेकवलं आणि दुसऱ्या बाजूला ती बसली.

तिनं पिशवीतून पाणी काढलं. मी नको म्हटलं.

"का? ओठ तर वाळलेत."

मी कारण सांगितलं. ती बाटलीचं झाकण फिरवत राहिली. "आम्ही तरी कुठं पितो?" ती म्हणाली. "मार्केटला जायचं म्हणलं का सकाळपून थेंब नाय. तिथं बायांना जागाच नाय. लय वेळा उन्हाळी लागते मला, लघवीला आग आग होते." मग आम्ही दोघी मोजून दोन दोन घोट पाणी प्यायलो.

तिचा टेंपो आला. तिनं ड्रायव्हरला सांगितलं, "पुढच्या खेपेला येते." तो कोथिंबीर सुकेल म्हणाला. "सुकू दे," ती म्हणाली.

पाऊण तासानं कळवणकडून नाशिकला जाणारी गाडी फाट्यावर थांबली. तिचा कंडक्टर खाली उतरला तो माझी खुर्ची घेऊनच. कळवणला डिकी उघडल्यावर कंडक्टर बाईला ती दिसली होती. तिनं ती या गाडीत घातली आणि कंडक्टरला दोनदा बजावलं होतं. "मॅडम रडायलाच आल्या होत्या," तो म्हणाला. "तुमची माफी मागितलीय." मला तिचा राग आला नव्हता. विसरलो तर आम्ही दोघीही होतो. खुर्चीची पाय ठेवायची एक पट्टी मात्र डिकीत वाकली होती.

दाजी आल्यावर कोथिंबीरवाल्या बाईनं मला खुर्चीत बसवायला हात लावला, तेही आधी विचारून.

घरी पोचले तर बहीण भिंतीला धरून उभी राहायला बघत होती. "पडून राहा," मी दटावलं. दुसऱ्या दिवशी शेजारची एक म्हातारी केळी घेऊन आली. खाटेवर बहीण, खुर्चीत मी. ती दारातच घोटाळली आणि केळी माझ्या मांडीवर ठेवायला लागली. "मावशी, पेशंट ती आहे," मी म्हटलं. "मी बघायला आलेय." बहीण टाक्यांवर हात दाबून हसली. ते आठ दिवस रोज सकाळी तिला खाटेच्या कडेला बसवून मी तिचे केस विंचरले. तिचे केस इतके पांढरे झालेत हे मला माहीत नव्हतं.

परतताना नवरा न्यायला आला. फाट्यावर पहिली गाडी थांबलीच नाही. दुसरीची डिकी भरलेली होती, म्हणून घडी केलेली खुर्ची सीटांच्या मधल्या वाटेत उभी केली. वळणावर ती घरंगळायला लागली, तशी पलीकडच्या सीटवरच्या एका बाईनं हात घालून चाक धरलं. नाशिकला लेकीकडे निघाली होती. वणी गेलं, दिंडोरी गेलं, तिनं हात काढला नाही. मधे एकदा नुसता हात बदलला. नाशिकच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा तिनं मला विचारलं, "सोडू आता?"