अलगद दाबलेला ब्रेक

पूरान खानमने कुणाला तोंडावर काही नकोसं सांगितलंय, असं आमच्या वस्तीत घडलं नव्हतं. पाहुणा जायला उठला की ती आणखी बसायचा आग्रह करी, आणि तो खरंच बसला की स्वयंपाकघरात जाऊन कपाळावर हात मारून घेई. नवरा हुशंग वारल्यावर तिने त्याची जुनी पांढरी पेकान गाडी चालवायला घेतली आणि वरच्या वस्तीतली पोरं खाली तालेकान गावच्या शाळेत नेऊ-आणू लागली. रस्ता सगळा उताराचा, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. पोरांच्या आया तिच्यावर डोळे मिटून विसंबून असत आणि तिला नेमकी त्याचीच धास्ती वाटे.

त्या वर्षी अक्रोड झोडपायच्या दिवसांत ब्रेक मऊ लागायला लागला. खाली गॅरेजला न्यावी असं तिच्या मनात होतं, पण हे थोरल्या दिरांच्या, यदुल्ला खान यांच्या कानावर गेलं. सगळं घर त्यांना खानदादाश, म्हणजे थोरला भाऊ, म्हणे. मी जिवंत असताना गाडी परक्याच्या हातात का, असं ते म्हणाले आणि तिथेच विषय संपला. खानदादाशनी जन्मभर ट्रेलर चालवला होता. आता ट्रेलरचे ब्रेक चालतात हवेवर आणि पेकानचे तेलावर; त्या तेलात हवा शिरली की ब्रेक मऊ लागतो. हवेच्या जिवावर जगलेला हा माणूस पेकानच्या ब्रेकमधली हवा काढायला निघाला होता. पण हे त्यांना सांगणार कोण?

शुक्रवारी दुपारी अंगणात काम झालं. ते एकेका चाकापाशी पाना घेऊन आडवे होत आणि ती स्टिअरिंगमागे बसून सांगतील तसा पाय दाबे. "दाब. आणखी दाब. पार तळाला टेकव. आता धर." बुडबुडे निघाले, मग नुसतं तेल यायला लागलं. खानदादाश स्वतः आत बसले, ब्रेकवर दाणकन पाय मारला, तो दगडासारखा लागला. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. तुमचे हात कधी दुखू नयेत, असं म्हणून पूरानने तोंडभरून आभार मानले, चहा दिला, खडीसाखर पुढे केली.

ते गेल्यावर गाडी फाटकाशी नेऊन लावताना उतारावर तिने नेहमीसारखा अलगद पाय टेकवला. ब्रेक थांबला, आणि मग तिच्या पायाखालून हळूहळू खाली जायला लागला.

तेल गळत असेल म्हणून तिने चारही चाकांखाली पुठ्ठे घातले. तासाभराने पाहिलं तर पुठ्ठे कोरडे. ब्रेकच्या तेलाच्या बाटलीतलं तेलही खुणेपर्यंत जसंच्या तसं. दाणकन मारला तर ब्रेक दगड, आणि हळू दाबून धरला की पाय तळाला. तेल बाहेर जात नव्हतं, म्हणजे मुख्य पंपातच रबराला चुकवून मागे सरकत होतं. जुन्या पंपाचा दट्ट्या वर्षानुवर्षं अर्ध्या वाटेतच चालतो. नळीचा पुढचा, न वापरलेला भाग गंजून खरखरीत झालेला असतो. काल-परवापर्यंत बरं असलेलं रबर आज पार तळाला दाबताना तिच्याच पायाने तिथवर ढकलून फाडलं होतं. हे कळल्यावर ती तशीच खानदादाशच्या दारात गेली. त्यांनी उठून स्वागत केलं, जावेने बिहीच्या फळांचा मुरंबा हातात ठेवला, आणि पूरान ब्रेक छान झाल्याचं सांगून परत आली. वाटेत तिला रडू फुटलं.

सकाळी फाटकाबाहेर पोरं जमली. आया शाली गुंडाळून उभ्या, खानदादाशही आले, आणि त्यांच्या हाताला त्यांची नात परस्तू. पूरानने मनाशी ठरवलं होतं की पहिल्या गिअरमध्ये जायचं, ब्रेक सारखा मारत राहायचं, हँडब्रेकवर हात ठेवायचा, आणि पोरं उतरवली की थेट गॅरेज. भीतीने माणूस स्वतःची अशी समजूत घालतो. खानदादाशनी परस्तूला मागे बसवलं, तिच्या कोटाचं बटण लावलं आणि दार लोटलं.

पूरानने हँडब्रेक सोडला. पाय ब्रेकवर होता, तो बुडायला लागला. गाडी उताराला लागली, मागे पोरं भांडत-हसत होती, समोर वळण आणि त्यापलीकडे काहीच नाही. तिने सगळा जीव एकवटून हँडब्रेक ओढला. गाडी कचकन थांबली.

तिने पोरांना एकेक करून उतरवलं, आयांकडे पाठवलं. मग खानदादाशना म्हणाली, "तुम्ही बसा. मारू नका. अलगद दाबा आणि धरून ठेवा."

ते बसले नाहीत. गाडीच्या टपावर हात ठेवून खाली बघत राहिले.

"बसून काय करू," ते म्हणाले. "मी काल शेवटी उतरताना धरून पाहिला होता. तो खाली गेला होता."

पूरानला आधी नीट समजलंच नाही. समजलं तेव्हा ती त्यांच्याकडे वळली. "आणि तरी परस्तूला बसवलंत?"

"तू संध्याकाळी घरी आलीस ना," म्हातारा पुटपुटला. "मला वाटलं, बिघडलं असेल तर तू बोलशील."

पलीकडे परस्तू दप्तर घेऊन उभी होती आणि आज शाळेत जायचं की नाही, ते विचारत होती. तिच्याकडे बघायचा धीर दोघांनाही झाला नाही.