आवडीचं कारण

तेलंगणातल्या आमच्या तलमडुगूत मराठी पुस्तकांचं दुकान नाही. असतील ती पुस्तकं घरोघरी फिरतात. कोपऱ्यावरचे किराणावाले काका माझीही नेतात. पुस्तकांना तेलुगू पेपरचं कव्हर घालतात, तांदळाच्या पोत्यांमागच्या फळीवर ठेवतात आणि कधीतरी परत देतात. पान उलटताना मी त्यांना पाहिलेलं नाही. त्यांना एवढंच हवं असतं, "हे तुमाले काऊन आवडते, थे सांगा ताई." मी सांगते तोवर ते हातातली पुडी तशीच धरून माझ्या ओठांकडे बघत राहतात.

माझ्या सगळ्यात लाडक्या पुस्तकाचं कारण मी त्यांना दिवाळीत सांगितलं. लहानपणी घरात कापूस भरलेला असायचा, त्या ढिगावर बसून बाबा मला ते वाचून दाखवायचे. बाबा गेल्यावर कितीतरी वर्षांनी काका मुधोळहून इथे आले.

काल साखर घ्यायला गेले, तर ते एका गिऱ्हाइकाला तेच पुस्तक दाखवत होते. "माहे बाबा कापसाच्या ढिगावर बसून वाचून दाखवत." मला हसूच आलं. दुसऱ्याची आठवण आपली म्हणून सांगणारी माणसं असतात.

मग त्यांनी आवाज खाली आणला. "वाचता कुठं येत होतं त्याइले? पुस्तक उलटं धरून मनचंच सांगत."

माझ्या बाबांचं हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

काकांनी पुस्तक माझ्या हातात दिलं, उलटं धरून. "हाव ना, ताई?"