मेव्हिस कुणाला शोधत होती

मेव्हिस ओल्डरॉइडने एकोणीस वर्षं, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, आमच्या दफनभूमीत लोकांना फिरवलं. पाऊस असो, बर्फ असो, दुपारी दोनच्या ठोक्याला बाई फाटकाशी हजर. अंगात हिरवा रेनकोट आणि आवाज असा खणखणीत की मेलेल्यांनाही ऐकू जावा, असं मी तिला चिडवायचो.

"ऐकतातच ते," ती म्हणायची. "आणि तुझ्यासारखे मधेमधे बोलत नाहीत."

मी नॉर्मन. माझ्याकडे नोंदवह्या. व्हिक्टोरिया राणीच्या काळापासून हॅलिफॅक्समधलं जे कुणी या टेकडीवर पुरलं गेलं, त्याचं नाव चॅपलमागच्या माझ्या खोलीत सापडतं. फेरीला येणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं बरं नाही. अर्ध्यांना भुतं हवी असतात, उरलेल्यांना गिरणीमालकांच्या थडग्यांवरचे पंखवाले देवदूत. मेव्हिस देवदूतांपाशी दोन मिनिटं थांबायची. "यांनी स्वतःची जाहिरात स्वतःच करून ठेवली आहे," एवढं म्हणून मंडळींना उतारावर न्यायची. तिथे दगड नाहीत, नुसतं गवत. एकेका खड्ड्यात दहा-बारा गरीब, एकमेकांची तोंडओळखही नसलेले. त्यांची नावं तिला पाठ होती. लोकर विंचरणारी एलन, वय सत्तावीस. जिना धुणारी मार्था, वय साठ. तेव्हा भुतंवालेसुद्धा गप्प उभे राहायचे.

पहिल्याच वर्षी एकदा ती माझ्या खोलीत आली आणि तिने दार लावून घेतलं.

"नॉर्मन, त्रेसष्टच्या जानेवारीची वही काढ. ओल्डरॉइड. मुलगी. पोटातच गेलेली."

मी तीनदा पाहिलं. नोंद नव्हती. हॉस्पिटलात तिला बाळ दाखवलंसुद्धा नव्हतं. सिस्टर म्हणाली होती, आम्ही सगळं बघतो, तुम्ही घरी जा आणि पुढच्याची तयारी करा. पुढचं काही झालंच नाही. त्या काळी असंच करायचे. अशी बाळं कुठल्या तरी परक्या खड्ड्यात जायची आणि आईला कुणी सांगायचं नाही.

"नवऱ्याला विचारलंस?" मी म्हटलं.

"त्याला कशाला? तो विसरलाय. कशाला खपली काढायची उगाच?"

मग मीच शोधत राहिलो. आधीचा महिना, नंतरचा महिना, पुढची-मागची वर्षं, गावातल्या दुसऱ्या दफनभूम्यांना पत्रं. मेव्हिस दर फेरीनंतर दारात उभी राहायची, मी मान हलवायचो, ती चहाचे कप विसळायला जायची. आपल्याला हे जमू नये याची मला लाज वाटायची.

तिचा नवरा क्लिफर्ड. जन्मभर बसच्या डेपोत इंजिनं दुरुस्त केलेला, अबोल माणूस. तो तिला फाटकाशी सोडायचा आणि गाडीत बसून क्रिकेटची कॉमेंट्री ऐकायचा. आत एक पाऊल टाकलं नाही त्याने. "काय रे, घाबरतोस की काय?" मी काचेवर टकटक करून विचारायचो. "आज ना उद्या यायचंच आहे की आत!" तो हसून काच वर करायचा. आठवलं की आता माझीच मला चीड येते.

गेल्या ऑक्टोबरात मेव्हिसचा खुबा पार निकामी झाला. पंच्याऐंशी वर्षांची बाई, शेवटची एक फेरी करणारच म्हणाली, पण दर थांब्याला बसायला घडीची खुर्ची हवी. ती उचलायला माझा खांदा धड नाही. म्हणून क्लिफर्ड गाडीतून उतरला.

उतारावर पोचल्यावर लीड्सहून आलेल्या एका बाईने विचारलं, "तुमचं स्वतःचं कुणी आहे का हो इथे?"

हा प्रश्न दर फेरीला यायचा. "अजून नाही, पण जागा हेरून ठेवलीय," हे मेव्हिसचं ठरलेलं उत्तर, आणि त्यावर हशा. त्या दिवशी तिने ते दिलं नाही.

"मुलगी असावी माझी," ती म्हणाली. "कुठे ते माहीत नाही. तिला शोधायलाच मी हे सगळं सुरू केलं."

क्लिफर्ड खुर्ची मिटत होता. ती अर्धवटच राहिली.

"शोधायला?"

"मग काय इतिहासाची हौस म्हणून?"

"मला तसंच वाटलं गं, मेव्ह." तो म्हणाला. "मिस लमबरोबर आहे ती. बिअट्रिस लम. तिच्या पेटीत ठेवली आपली पोर."

तीही एक रीतच होती. त्या आठवड्यात पुरायच्या असलेल्या एखाद्या बाईच्या शवपेटीत बाळ ठेवून द्यायचे आणि वहीत फक्त बाईचं नाव लिहायचे.

"तुला माहीत होतं," मेव्हिस म्हणाली.

"सिस्टरने बजावलं होतं, विषय काढू नका, विसरतील त्या. तू कधी विचारलं नाहीस. मला वाटलं, विसरलीस."

"एकसष्ट वर्षं, क्लिफर्ड! रोज एका टेबलावर जेवलो आपण!"

मला दोघांचाही संताप आला. त्या सिस्टरचा आला, आणि गप्प बसण्यालाच सभ्यपणा समजणाऱ्या आम्हा सगळ्यांचा आला. फेरीची मंडळी आपापल्या बुटांकडे बघत होती. त्यांना मी चहाला पिटाळलं आणि वही काढली. लम, बिअट्रिस, धुलाईखान्यात कामाला, अविवाहित, वय एकाहत्तर. दोन मिनिटांत सापडली.

जागा खालच्या भिंतीशी, काटेरी पानांच्या हॉली झाडाखाली निघाली. मेव्हिसने तिथवर माझा हात धरला, त्याचा धरला नाही. क्लिफर्डने खुर्ची मांडली. ती बसली.

"काय घातलं होतं तिला?" तिने विचारलं.

"पिवळा स्वेटर. तू विणत होतीस तो. एक बाही अर्धीच होती. मी तसाच नेला."

"मग थंडी वाजली असेल रे तिला. केवढा बर्फ होता त्या साली."

"नाही वाजली." क्लिफर्ड तिच्या खुर्चीशी गुडघ्यांवर बसला. "झाकण लावायच्या आधी मी थांबवलं त्यांना. मिस लमच्या कुशीत होती ती. तो उघडा हात मी आतल्या बाजूला वळवून ठेवला."